गव्हाणे मॅडमचे पेशंट

शालन गव्हाणे या बाईंनी सहा वर्षांत मला एक कागद लिहून दिला नाही. तोंडी विचाराल ते सांगायच्या, दोनदा सांगायच्या, पण 'हे लिहून द्या ना' म्हटलं की त्यांना ऐकूच यायचं नाही. माणूस नोकरीतून गेला की त्याच्या खोडीसुद्धा लोकांना गोड वाटायला लागतात. मला नाही वाटत. मला त्यांचा आजही राग येतो, आणि तो राग फिरून फिरून माझ्यावरच येतो म्हणून जास्तच येतो.

आमची कंपनी येरवड्याची. कंपनी म्हणजे औषधाच्या दुकानावरचा एक मजला, चौदा माणसं आणि नितीन सर नावाचे मालक. एका धर्मादाय ट्रस्टची शहराच्या उत्तर भागात डायलिसिसची पाच केंद्रं होती. कुठल्या पेशंटने कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या मशीनवर यायचं हे ठरवणारा प्रोग्राम आमचा होता. आमचा म्हणजे गव्हाणे मॅडमचा, कारण तो त्यांनी एकटीने लिहिला होता. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत अशा चारशेवर माणसांना आठवड्यातून दोनदा-तीनदा, चार-चार तास मशीनला जोडून घ्यावं लागतं. एक पाळी हुकली की अंगात पाणी साठतं, दुसरी हुकली की श्वास लागतो. कुणाची पाळी हुकता कामा नये, एवढं एकच काम त्या प्रोग्रामला होतं.

मी अकोल्याचा. पुण्यात आल्यावर दोन मोठ्या कंपन्यांत ज्या भाषांत प्रोग्राम लिहिले त्या फार शिस्तीच्या होत्या. आधी सगळं ठरवायचं, कुठल्या रकान्यात काय बसणार ते जाहीर करायचं, मग चालवायचं. बदल हवा असेल तर थांबवायचं, बदलायचं, पुन्हा चालवायचं. गव्हाणे मॅडमची भाषा होती स्मॉलटॉक. तिच्यात चालू प्रोग्राम थांबवावाच लागत नाही. आत पेशंट, मशीन, केंद्र, पाळी असे सगळे एकेक ऑब्जेक्ट असतात आणि एकमेकांना निरोप पाठवून काम उरकतात. सगळं चालू असतानाच त्यातल्या कुणालाही उघडून विचारता येतं की बाबा, तुझ्या पोटात काय आहे आणि तुला काय काय येतं. जे येत नाही ते तिथल्या तिथे शिकवताही येतं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "मॅडम, या प्रोग्रामची कागदपत्रं कुठे आहेत?"

"कसली?"

"म्हणजे कुठे काय आहे, कसं चालतं, असं सगळं."

त्यांनी चपला टेबलाखाली काढल्या, मांडी घालून खुर्चीत बसल्या आणि पडद्याकडे बोट केलं. "कागद कशाला पाहिजे, राऊत? तो समोर जिवंत बसलाय. त्यालाच विचार की."

बोट नुसतं केलं नाही, टेकवलं. त्यांचा पडदा कायम बोटांच्या ठशांनी भरलेला असायचा. डब्यातली भाकरी खाता खातासुद्धा त्या कुठल्यातरी पेशंटवर बोट ठेवून, 'आज या आजोबांना चार नंबर का दिला याने?' असं पुटपुटत असायच्या. पेशंटला 'रेकॉर्ड' म्हटलेलं त्यांना चालत नसे. मी एकदा म्हणालो, "मॅडम, सत्तर रेकॉर्ड अपडेट झाले नाहीत." त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला जाऊन सांग, आई, तुझं रेकॉर्ड जेवलं." मी त्यानंतर तो शब्द त्यांच्यासमोर वापरला नाही.

त्या मूळच्या धानोरीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. शेताच्या आता सोसायट्या झाल्यात. दोघे भाऊ बिल्डर. मॅडम विश्रांतवाडीवरून जुन्या स्कूटरवर येत. एकदा मुलाच्या साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला थोरला भाऊ ऑफिसात आला. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात जाड साखळी, आणि अंगावर येणारा अत्तराचा वास. बहिणीच्या खुर्चीमागे उभा राहून तो म्हणाला, "आक्के, तुला काय कमी हाय? बस की घरी निवांत."

"घरी बसून काय करू? तुमच्या गाड्या पुसू?"

"आन् ह्यात एवढं हाय तरी काय?"

"माणसं हायत."

तो वाकून पडद्यात बघायला लागला. "मला तर नुसती अक्षरं दिसत्यात."

"तुला सातबारा सोडून दुसरं काय दिसलंय कधी?"

भाऊ हसला, पण निघताना माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, जरा समजवा तिला." जणू मी समजावलं असतं आणि त्या समजल्या असत्या.

आता त्यांचं मोठेपणही सांगायला हवं, नाहीतर नुसतंच गाऱ्हाणं होईल. खडकवासला भरून वाहत असलं तरी आमच्याकडे अधूनमधून गुरुवारी पाणी बंद असतं, हे पुणेकराला सांगायला नको. डायलिसिसला पाणी भरपूर लागतं. एका गुरुवारी कळसच्या केंद्रातली टाकी दुपारच्या पाळीआधीच तळाला गेली. जाधव सिस्टरांचा फोन आला, "मॅडम, आठ मशीन आहेत, पण पाणी पाचांपुरतंच आहे. तीन माणसं कुठे पाठवू?" तोपर्यंत आमच्या प्रोग्राममधल्या मशीनला पाणी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मशीन चालू किंवा मशीन बंद, एवढ्यावर सगळं चाललं होतं. माझ्या आधीच्या कंपनीत असं काही झालं असतं तर मीटिंग लागली असती आणि सुधारणा पुढच्या महिन्यात आली असती. मॅडमनी फोन खांद्यात धरला आणि सिस्टरांशी बोलता बोलता मशीनला पाणी शिकवलं. टाकीत किती आहे, एका पाळीला किती लागतं, संपत आलं तर शेजारच्या केंद्राला निरोप कसा द्यायचा. पंचवीसेक मिनिटं लागली असतील. प्रोग्राम एक क्षण थांबला नाही आणि तिन्ही माणसं रिक्षाने विश्रांतवाडीच्या केंद्रावर जाऊन मशीनला लागलीसुद्धा. मी थक्क झालो होतो.

"मॅडम, नक्की काय काय बदललंत?" मी वही काढून विचारलं.

"पाणी," त्या म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

अशाने माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल? उद्या या आजारी पडल्या तर, गावाला गेल्या तर? मी नऊ पानांचा एक फॉर्म तयार केला. बदल काय, कधी, कशासाठी, परिणाम कुणावर. दर बदलाला एक फॉर्म. सुबक छापून त्यांच्या टेबलावर गठ्ठा ठेवला. धानोरीच्या त्यांच्या शेतातलं एक चिंचेचं झाड कुठल्याशा सोसायटीच्या पार्किंगमध्ये अजून उभं आहे, त्याच्या चिंचा त्या फेब्रुवारीत ऑफिसात आणून निवडायच्या. त्या वर्षी चिंचा माझ्या फॉर्मांवर निवडल्या गेल्या. "कागद चांगला हाय रे, जाड," असं कौतुकही झालं.

पण माझी खरी तक्रार वेगळीच होती. त्या भाषेत एक सोय आहे, आणि तिला सोय म्हणावं की संकट हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सगळ्या पेशंटना जे येतं ते एका जागी लिहिलेलं असतं. पण मनात आणलं तर चारशेतल्या एकाच पेशंटला काहीतरी वेगळं शिकवता येतं. ते त्या एकाच्याच पोटात राहतं, बाकीच्यांना त्याचा पत्ता नसतो. वाडकर नावाचे एक गृहस्थ रविवारी मटणाचा रस्सा पिऊन सोमवारी अंगात दोन लिटर जास्त पाणी घेऊन यायचे. मॅडमनी वाडकरांनाच शिकवून टाकलं की सोमवारी स्वतःहून अर्धा तास जादा मागायचा.

"मॅडम, असं एकट्यादुकट्याला शिकवू नका," मी म्हणालो. "नियम करायचा तर सगळ्यांसाठी करा."

"सगळे कुठे रस्सा पितात?"

"मग निदान कुणाकुणाला काय शिकवलंय याची यादी तरी ठेवा."

"मला कुठं आठवतंय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्याचं त्याला आठवतं."

पालथ्या घड्यावर पाणी. मी नाद सोडला.

मग ट्रस्टवर नवे व्यवस्थापक आले. त्यांनी पाचही केंद्रांसाठी एका मोठ्या कंपनीची तयार यंत्रणा घ्यायचं ठरवलं. यंत्रणा देखणी होती. रंगीत तक्ते, मोबाइलवर आपोआप मेसेज, सगळ्या पेशंटना सारखे रकाने. आमच्याकडे एवढंच काम उरलं, की जुन्या प्रोग्राममधली माहिती काढून नव्या यंत्रणेला द्यायची. ते माझ्याकडे आलं. मॅडमची निवृत्ती त्याच महिनाअखेरीला होती. चार आठवडे आम्ही एकमेकांच्या शेजारी बसलो.

खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत बरं वाटत होतं. आता सगळं नीट, लेखी, रकान्यांत बसणार होतं. सगळ्यांना सामाईक जे काही होतं ते मी काढलं, प्रत्येकाची माहिती काढली, दोन्हीकडची बेरीज जुळवली. एक माणूस कमी नाही, एक पाळी कमी नाही. वाडकर आणि त्यांच्यासारखे मला माहीत असलेले सहा-सात जण हाताने वेगळे नोंदवले. मग मॅडमना म्हणालो, "बघा, सगळे आले."

त्यांनी बराच वेळ माझा तक्ता वरखाली केला. मग म्हणाल्या, "राऊत, हे गठ्ठ्यानं नाही जायचे. एकेकाला उघडून विचारावं लागेल, की बाबा तुला काय वेगळं शिकवलंय. मला तीन आठवडे दे."

"तीन आठवडे? मॅडम, सोमवारी सुरू करायचंय."

"मग दोन दे."

मी नितीन सरांकडे गेलो. ते म्हणाले, "बाईंचा जीव गुंतलाय त्यात, दुसरं काही नाही. तुझी बेरीज जुळतेय ना? मग झालं तर." मलाही मनातून तेच वाटत होतं. ज्या बाईने सहा वर्षांत एक ओळ लिहिली नाही तिला शेवटच्या आठवड्यात अचानक तीन आठवडे हवे होते, म्हणजे हा वेळ काढण्याचाच प्रकार, असं मी धरून चाललो. परत येऊन त्यांना सांगितलं, "नाही म्हणतात." त्यांनी पुन्हा मागितले असते तर मी दिले असते का? नसते दिले. उगाच स्वतःची समजूत कशाला घालू?

पेशंटची खासगी माहिती आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर राहता कामा नये, असं ट्रस्टचं म्हणणं होतं. शुक्रवारी दुपारी चार वाजता मी माझ्या हाताने तो प्रोग्राम पुसला आणि पुसल्याच्या कागदावर सही केली. बॅकअप होता. पण तो मी काढलेल्या माहितीचाच होता, म्हणजे जे माझ्याकडून राहिलं ते बॅकअपमध्येही नव्हतं. त्या वेळी हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. त्याच संध्याकाळी मॅडमचा निरोपसमारंभ झाला. समोसे होते. मी भाषणात म्हणालो, "मॅडमनी आम्हाला एक कागद दिला नाही, पण काम शिकवलं." सगळे हसले, त्यासुद्धा हसल्या.

पुढच्याच आठवड्यात हिराबाई साबळे यांची पाळी हुकली. कळसच्या, साठीच्या आसपासच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नव्या यंत्रणेने आठवड्याचा तक्ता नव्याने मांडला, त्यात त्यांची मंगळवारची अकराची पाळी सकाळी सहावर गेली. मेसेज बरोबर गेला होता. हिराबाईंकडे फोनच नव्हता. अर्जावर मुलाचा नंबर होता, आणि मुलगा चाकणला ज्या कारखान्यात आहे तिथे फोन गेटवर जमा करावा लागतो. बाई नेहमीप्रमाणे अकराला आल्या. यंत्रणेने त्यांना गैरहजर लावून मशीन दुसऱ्याला दिलं होतं. जाधव सिस्टर त्या दिवशी रजेवर, बदलीची मुलगी म्हणाली, "आजी, आता शुक्रवारी." हिराबाई 'बरं' म्हणून चालत घरी गेल्या. गुरुवारी त्यांना शेजाऱ्यांनी उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा त्यांना धड बोलताही येत नव्हतं. चार दिवस अतिदक्षता विभागात काढून त्या वाचल्या.

"अहो, त्यांना गिरणीत फोन करायचा असतो," सिस्टर मला फोनवर सांगत होत्या आणि त्यांचा आवाज चढला होता. "त्यांच्या दारासमोर पिठाची गिरणी आहे. पाळी बदलली की तुमच्या जुन्या तक्त्यावर हिराबाईंच्या नावापुढे आपोआप यायचं, मेसेज नको, गिरणीत फोन करा, आणि नंबर. गिरणीवाला हाक मारून सांगायचा त्यांना. ते कुठे गेलं?"

ते मी पुसलं होतं. मॅडमनी ते हिराबाईंना शिकवलं होतं, एकट्या हिराबाईंना, आणि माझी बेरीज जुळली होती.

असे किती जण होते ते मला कधीच कळणार नाही. दोन आठवड्यांत आणखी तिघे सापडले, तेही तक्रार आल्यावर. नवरा-बायको दोघंही पेशंट असलेलं एक जोडपं होतं, त्यांना एकाच वेळी बोलवायचं असायचं, कारण येताना बायको नवऱ्याचा हात धरून आणायची. त्यांना आता वेगवेगळ्या दिवशी बोलावलं जात होतं. नव्या यंत्रणेच्या कंपनीला मी लिहिलं की पेशंटनिहाय वेगळा निरोप देण्याची सोय हवी. उत्तर आलं, 'पुढील आवृत्तीत विचार केला जाईल.'

आणि ट्रस्टने आमच्याकडे खुलासा मागितला. तो मी लिहिला. नितीन सरांनी त्यात एक वाक्य घालायला लावलं: 'जुन्या प्रणालीतील अपवादांची माहिती संबंधित कर्मचाऱ्याने लेखी स्वरूपात उपलब्ध करून दिली नव्हती.' वाक्य खरं होतं. त्यांनी तीन आठवडे मागितले होते हेही खरं होतं, पण ते खुलाशात नव्हतं. मी सरांना म्हणालो, "हे बरोबर नाही." सर म्हणाले, "चूक काय आहे त्यात? दाखव." मी सही केली.

सोमवारी दुपारी मॅडम ऑफिसात आल्या. सरांनीच बोलावलं होतं, 'नुसतं नजरेखालून घाला' म्हणून. त्या माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या. चष्मा लावून पत्र वाचलं. खालची माझी सही वाचली. मला वाटलं आता भडकतील, आणि मला ते हवंही होतं. त्यांनी पत्र होतं तसं घडी घालून परत ठेवलं.

"खरं हाय की," त्या म्हणाल्या. "न्हाईच लिहिलं मी."

"मॅडम, तुम्ही वेळ मागितला होता, मी ते..."

"ते जाऊ दे. हिराबाईंना आता कुठली पाळी दिलीय?"

मला माहीत नव्हतं. गेले पाच दिवस मी खुलासा लिहीत होतो. घाईघाईने नवी यंत्रणा उघडली, नाव घातलं. रंगीत तक्ता आला. मंगळवार, सकाळी सहा. पाळी बदलल्याचा मेसेज शनिवारीच मुलाच्या नंबरवर गेला होता आणि अजून कुणी वाचल्याची खूण नव्हती.

"उद्या," मी म्हणालो. "उद्या सकाळी सहा."

मी सिस्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दिवसभर एकही मशीन रिकामं नाही हो, वेळ नाही बदलता येणार. मुलाचा फोन कधी लागत नाही, कुणीतरी त्यांना निरोप पोचवा म्हणजे झालं. माझ्याकडे नुसता पत्ता आहे, गिरणीसमोर, कळस. नंबर तुमच्याकडेच होता ना?"

मी मॅडमकडे बघितलं. "गिरणीचा नंबर आहे तुमच्याकडे?"

"माझ्याकडे कशाला असेल? हिराबाईंकडे होता." त्या उठल्या आणि पायाने चपला चाचपायला लागल्या. "असू दे. कळसला गिरण्या असून असून किती असतील? दोन न्हाईतर तीन."

मी खिडकीपाशी गेलो. खाली त्यांनी स्कूटर स्टँडवरून काढली, दुकानातल्या औषधवाल्याला काहीतरी विचारलं, त्याने हात करून आळंदी रोडची दिशा दाखवली. सिग्नल लागला होता. त्या डोक्यावरून पदर घेऊन उन्हात थांबल्या. मी त्यांना 'मीही येतो' असं म्हणालो नव्हतो. साडेतीनला नव्या यंत्रणेच्या लोकांबरोबर माझी मीटिंग होती.